तू वाच, मी बघते

१० फेब्रुवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं, स्वतः लिहायची वेळच आली नाही. पण रोज संध्याकाळी फोनवर रेडिओशी मनसोक्त बोलायचे, तो फोन महिनाभर बंद आहे, आणि बोलणं आत साठून साठून मला अपचन व्हायला लागलंय. म्हणून हे.

रेडिओ म्हणजे माझी मैत्रीण. वर्तमानपत्राच्या छापखान्यात आम्ही दोघी तीस वर्षं एका टेबलाला समोरासमोर बसलो. मुद्रितशोधनाला जोडी लागते. एकीने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापलेल्या कागदावर नजर ठेवून चुका धरायच्या. ती वाचणारी, मी बघणारी. तिचा आवाज दिवसभर चालू म्हणून ती रेडिओ, माझ्या हातात लाल पेन म्हणून मी तांबडी. "तू वाच, मी बघते," असं म्हणून मी पेनाचं टोपण काढलं की आमचा दिवस सुरू.

गेल्या महिन्यात तिच्या मेंदूत कुठेतरी बारीकशी गुठळी अडकली. हातपाय वाचले. समजतं सगळं, नजरही तीच जुनी, खट्याळ. फक्त शब्दांनी जागा सोडल्या. चमचा हवा असला की तोंडातून खिडकी येते. आणि आता तर तेही नाही, आठवडाभर ती गप्पच बसून आहे.

आज तिच्या मुलाने मला जिन्यात गाठलं. "मावशी, आम्ही दोघंही नोकरीला जातो. आई दिवसभर एकटी. उद्या काही झालं तर निदान फोन करून सांगता यायला नको का?" गावाबाहेर एक शुश्रूषागृह आहे, तिथे त्याने नाव घातलंय. मार्चच्या मध्याला खोली रिकामी होणार. "तोवर आई फोनवर दोन वाक्यं बोलली तर विषयच मिटला. मला काय हौस आहे तिला पाठवायची?" मुलगा वाईट नाही. घाबरलाय.

त्याची बायको मागे उभी होती. "मी नाही पाठवणार आईंना," म्हणाली. तो म्हणाला, "मग काय, नोकरी सोडणारेस?" त्यावर ती आत निघून गेली.

तर आता ठरलं. रेडिओला बोलतं करायचं काम माझं. भाषेतली चूक धरण्यात माझा हात धरणारं या शहरात कोणी नाही. माझ्याशिवाय कोण करणार?

११ फेब्रुवारी

पहिला दिवस. रेडिओकडे एक वाचातज्ज्ञ बाई येते, मी तिला जिभेची मास्तरीण म्हणते. चुणचुणीत आहे, पण अननुभवी. मला म्हणते, "त्यांना काहीही बोलू द्या. चुकीचं बोलल्या तरी कुणी दुरुस्त करायचं नाही."

म्हणजे काय? चुकीचंच अंगवळणी पडलं तर? आमच्या धंद्यात एकदा छापून गेलं की गेलं, मग दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापत बसा. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

ती गेल्यावर रेडिओने खिडकीकडे बोट केलं. वारं येत होतं. बराच वेळ ओठ जुळवून म्हणाली, "पडदा... तो बंद दे... थंड वाजतो." मी लगेच म्हटलं, "खिडकी लाव, थंडी वाजते. असं म्हण." तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. मीच उठून खिडकी लावली. पुढे तासभर एक शब्द नाही.

दमली असावी.

१४ फेब्रुवारी

आज तिने बरीच वाक्यं सुरू केली आणि सगळी अर्ध्यात सोडली. मी दर वेळी नेमका शब्द पुरवला, लिंग-वचन जागच्या जागी लावून दिलं, तरी गाडी पुढे सरकेना. मास्तरणीची पद्धतच चुकतेय असं माझं मत झालंय.

१५ फेब्रुवारी

सूनबाईचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते: "मावशी आज मला ऊशीर होईल, आईंना चहा दिली आहे, औषध पण भेटलं, तूम्ही आल्यावर माझी मदत होईल."

चहा दिली. औषध भेटलं, जसं काही रस्त्यात समोरून येत होतं आणि दोघांनी हात हलवला. 'तुम्ही'चा तू दीर्घ, 'उशीर'चा ऊ दीर्घ, एवढा लांबलचक उशीर मी कधी पाहिला नाही. आणि मदत मला होणार आहे की तिला, याचा त्या वाक्याला पत्ता नाही. मी सगळं दुरुस्त करून परत पाठवलं. तिने अंगठा पाठवला.

मुलगी कामसू आहे, हे मान्य. पण ज्या घरात रेडिओसारखी बाई राहते त्या घरात अशी भाषा. रेडिओ आजारी पडायच्या आधी तिला काही बोलायची नाही, मलाच सांगायची, "जाऊ दे गं तांबडे, मनाने चांगली आहे." मला ते कधी पटलं नाही. मनाने चांगलं असायला आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळायला एकाच वेळी काय हरकत आहे?

१८ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. मोतीबिंदू पिकलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, समोरचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. तशीच रिक्षा करून रेडिओकडे गेले. फाटकाशी कुणीतरी हातात एक कागद कोंबला. जाहिरात दिसत होती, पण अक्षर म्हणून एक लागेना.

आता मला छापलेला कागद हातात असून वाचता येत नाही म्हणजे काय यातना होतात ते सांगून कळायचं नाही. खुर्चीत बसले आणि सवयीने कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. म्हटलं, "तू वाच, मी बघते." बघते कसली, डोंबल. समोर रेडिओ बसलीय की कपाट तेही दिसत नव्हतं.

आणि पलीकडून आवाज आला. आधी घशात अडकला, मग निघाला. तोच. छापखान्यातला.

"आमच्या येथे. सर्व प्रकारचे कपडे. स्वछ, अर्धा च नाही. धुऊन भेटतील. पूर्णविराम. जेष्ठ, य नाही. नागरीकांना, दुसरी वेलांटी. विषेश, आधी पोटफोड्या ष. सवलत. पूर्णविराम. आपली घाण हेच आमचे समाधान. उद्गारचिन्ह, तीन."

मी जागची हलले नाही. हलले तर बंद पडेल असं वाटलं. प्रत वाचताना काना-मात्रा, विरामचिन्हं सगळं उच्चारायचं हा आमचा शिरस्ता. त्यातला 'अर्धा च नाही' तिने ज्या सुरात म्हटला ना, त्या सुरात पूर्वी ती संपादकांचे अग्रलेख वाचायची. कपाळावर आठ्या पडलेल्या ऐकू यायच्या.

मग ती हसली. मीही हसले, आणि रडलेही, पण डोळ्यांत थेंब असल्यामुळे कुणाला कळलं नसेल.

१९ फेब्रुवारी

धोब्याच्या भिकार जाहिरातीने एवढं होतं तर चांगल्या गद्याने काय होईल, असा विचार करून मी आज घरातला एक देखणा, निर्दोष लेख नेला. आमच्याच वर्तमानपत्रातला, आम्ही दोघींनी तपासलेला. डोळे आज ठीक होते. मी समोर बसले, पेनाचं टोपण काढलं, म्हटलं, "तू वाच, मी बघते."

ती पहिल्या ओळीवर अडखळली. 'वसंत' म्हणायचं होतं, 'वासरू' आलं. तिने माझ्याकडे बघितलं, कागद पालथा ठेवला आणि मान फिरवली.

मला काही कळेनासं झालंय. कालचा कागद काय जादूचा होता?

२१ फेब्रुवारी

सूनबाईला त्या दोन्ही दिवसांची सगळी हकिकत सांगितली. ती इस्त्री करत होती. न थांबता म्हणाली, "मावशी, त्या कागदात आधीच चुका होत्या ना. मग वाचताना अजून एक झाली तर ती पण कागदाचीच. तुमच्या लेखात झाली की ती आईंची होते."

मी म्हटलं, "म्हणजे चुकीचंच वाचायला द्यायचं?"

"तुमच्याकडे नियम काय होता?" तिने विचारलं.

आमच्याकडे नियम असा: वाचणारीने प्रतीत आहे तसं वाचायचं. चूक दिसली तरी तोंडाने दुरुस्त करायची नाही. शहाणपणा बघणारीने करायचा, वाचणारीच्या माथी काही नाही. रेडिओ तीस वर्षं बिनघोर वाचत आली ती याच्यामुळे. मी हे सूनबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी," आणि दुसरा शर्ट घेतला.

तिचं बोलणं नेहमीच अर्धवट असतं. पण मुद्दा माझ्या लक्षात आला. चुकांचा कागद हवा. भरपूर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आयुष्यात पहिल्यांदा चुका शोधायला बाहेर पडले आणि मेली एक सापडेना. माझ्या गल्लीतली सगळी दुकानं मी या काही वर्षांत सुधारून टाकली आहेत. बेकरीवाल्याला मीच पाटी बदलायला लावली. औषधवाल्याकडे जाऊन तर मी पार आगाऊपणे 'सुचना'चा उकार दीर्घ करून आले होते. आता स्वतःच्या पायावर धोंडा.

शेवटी धोब्याकडे गेले. म्हटलं, "तुमच्या जाहिरातीच्या अजून काही प्रती आहेत का? आणि दुसरं काही छापलंय?"

तो हरखला. "नवीन छापतोय ताई. ह्या वेळी एकदम शुद्ध. कुणीतरी मागच्या कागदावर लाल खुणा करून आत टाकला होता. फार विद्वान माणूस असणार. त्याप्रमाणे सगळं नीट करून घेतलंय."

तो विद्वान माणूस म्हणजे मीच, एकोणीस तारखेला परतीच्या वाटेवर. मी म्हटलं, "तसलं काही करू नका."

"का?"

"जुनं चांगलं होतं. त्यात..." मला शब्द सुचेना. "त्यात आपलेपणा होता."

धोबी माझ्याकडे संशयाने बघत राहिला. मी जुनी प्रत घेऊन तोंड लपवून बाहेर पडले. मी, जी लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या आधी वेलांट्या बघते, ती मी आज अशुद्धलेखनाची भीक मागत फिरले. आमचे छापखान्यातले साहेब असते तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

२७ फेब्रुवारी

चार गल्ल्या पलीकडे खाण सापडली. तिथे माझे हात पोचले नव्हते.

एका इमारतीच्या जिन्यातून उतरवून आणलं: "जीन्यात चप्पल, सायकल व लहान मूले ठेऊ नयेत, ठेवल्यास फेकून देण्यात येतील." खांबावर: "मांजर हरवली आहे, शेपटी काळी, सापडल्यास दुध देऊ नये ती चावते व मालकास कळवते." व्यायामशाळेची: "एका महिन्यात शरीर कमी करा. फरक न पडल्यास दूसरे शरीर मोफत." हे शेवटचं मला अजून नीट कळलेलं नाही, पण योजना आकर्षक आहे.

रेडिओने सगळं वाचलं. मांजराच्या 'कळवते'वर ती इतकी हसली की खोकला लागला. वाचताना मध्येच कुठे कुठे तिचा स्वतःचा शब्दही घसरत होता, 'सायकल'ऐवजी 'साखर' आली, पण त्या गर्दीत कोण बघतो. तिनेही बघितलं नाही. पुढे गेली.

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. जाताना मला म्हणाली, "मावशी, रोज एवढं फिरू नका उन्हात. मी देते लिहून. माझ्याकडे चुकांना तोटा नाही."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

१ मार्च

सूनबाई आता रोज ऑफिसातून आली की एक चिठ्ठी लिहून सासूपुढे ठेवते. दुसऱ्या दिवशी मी गेले की तिचं वाचन होतं. आजची: "आई, आज आमच्या सायबांनी मला विचारलं कि ही फाईल कोणी हरवली, मी बोलली तूम्हीच हरवली, तर ते बोलले बरोबर आहे. मग आम्ही दोघांनी मिळून परत हरवली."

काय ते वाक्य. पण रेडिओ वाचते झकास, साहेबांचा वेगळा आवाज काढते. वाचून झाल्यावर चिठ्ठी घडी करून उशीखाली ठेवते. एवढ्या चुका उशाशी घेऊन तिला झोप कशी लागते कोण जाणे.

२ मार्च, रविवार

फोनची तालीम सुरू केली. फोनजवळच्या भिंतीवर सूनबाईच्या अक्षरात वाक्यं चिकटवलीत: "मला चक्कर येतय लवकर या." "दुध ऊतू गेल आहे." "कोणीतरी दारात आला आहे, मी त्याला ओळखत नाय."

मी खाली बागेतल्या बाकावर मोबाइल घेऊन बसले. वाजला. "मला चक्कर. येतय, अनुस्वार नाही. लवकर या. पूर्णविराम." मी ताडकन उठले. खरंच चक्कर आलीय असं वाटलं, इतकं सुरेख. शेजारी बसलेले आजोबा दचकले.

पंधरवडा आहे हातात. आता काळजी नाही.

५ मार्च

आज फोन आला नाही. बाकावर वाट बघून वर गेले तर रेडिओ फोनपाशीच बसलेली, रिसिव्हर मांडीवर, ओठ घट्ट. काय झालं विचारलं तर भिंतीकडे बघून मान हलवली. काल तर छान चाललं होतं. हवा बदललीय, त्याचा परिणाम असेल.

६ मार्च

हवेचा परिणाम नव्हता.

सूनबाईने मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. 'येतय'वर अनुस्वार. 'ऊतू'चा ऊ कापून वर ऱ्हस्व. 'दुध'ला दीर्घ उकार. 'ओळखत नाय'च्या खाली रेघ आणि समासात 'नाही'. सगळं लाल. सगळं माझ्या हातचं. चार तारखेला चहा होईपर्यंत तिथे उभी होते, तेव्हा केलं असणार. देवाशपथ सांगते, मला आठवतही नाही. हात आपला चालला.

मला फार वाईट वाटलं. चिठ्ठ्या शुद्ध केल्या आणि तिची वाट बंद केली. मी म्हटलं, "मी येत नाही उद्यापासून. माझ्यामुळेच सगळं बिघडतंय."

"असं नका ना करू," सूनबाई म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर आई तीन वाजल्यापासून दाराकडे बघत बसतात." मग म्हणाली, "मावशी, राग मानू नका. पेनाचं एवढं नाही. आई बोलताना तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. तुमची डावी भुवई वर गेली की थांबतात."

"माझी भुवई वर जाते?"

"हो. 'तुम्ही नाही आलात' म्हटलं तेव्हा नाही गेली. 'मी बोलली' म्हटलं की जाते. बघा, आत्ता पण गेली."

मी आरशात जाऊन बघितलं. डावी भुवई उजवीपेक्षा वरच असते माझी. कायमची. तीस वर्षांच्या नोकरीने तिथेच बसवलीय.

"मग मी करू काय?"

"बघू नका," सूनबाई म्हणाली. "नुसतं ऐका."

मी बघणारी. मला बघू नको म्हणाली. घरी येईपर्यंत मी हेच घोळवत होते. धोब्याचा कागद तिने वाचला त्या दिवशी मला दिसत नव्हतं. माझ्या सगळ्या हुशारीने जे केलं नाही ते त्या थेंबांनी केलं. आणि हे त्या मुलीला कळलं, मला नाही. लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते.

७ मार्च

त्यांच्या दाराशी छत्र्या ठेवायचं भांडं आहे. आजपासून आत जाताना लाल पेन त्यात टाकायचं, असा सूनबाईचा हुकूम. टाकलं. नव्या चिठ्ठ्या लागल्यात भिंतीवर. मी रेडिओकडे पाठ करून, तोंड खिडकीकडे करून बसते. समोरच्या गच्चीवरचा माणूस ही बाई आपल्याकडे का टक लावून बघते म्हणून बावचळलाय.

रेडिओने दोन चिठ्ठ्या वाचल्या. थोडं कापऱ्या आवाजात, पण वाचल्या.

९ मार्च, रविवार

परीक्षा झाली. नापास.

मुलाने बाल्कनीत जाऊन, दार लावून घरच्या फोनवर फोन केला. "आई, मी बोलतोय. कशी आहेस?" रेडिओ फोन कानाला लावून भिंतीकडे बघत होती. भिंतीवर चक्कर होती, दूध होतं, दारातला माणूस होता. कशी आहेस याचं उत्तर भिंतीवर नव्हतं. काचेपलीकडून मुलगा तिच्याकडे बघत होता, सूनबाई ओठ चावत होती, आणि मी बघायचं नाही म्हणून जमिनीकडे बघत होते. शेवटी तिने फोन हळूच जागेवर ठेवला.

मुलगा आत येऊन तिच्या पायाशी बसला. त्याचे डोळे भरले होते. "राहू दे आई," म्हणाला. "तिकडे माणसं असतील सतत. मी रोज येईन." पंधरा तारखेला न्यायचं ठरलं.

सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. मी तिच्या मागे गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "मला घरी आल्यावर कुणी नसेल आता रागवायला." मी म्हटलं, "रेडिओ तुला रागवते?" ती म्हणाली, "रोज. डोळ्यांनी."

११ मार्च

उद्या माझं डोळ्याचं ऑपरेशन. दोन दिवस घराबाहेर पडायचं नाही. म्हणजे रेडिओचे त्या घरातले शेवटचे दिवस मी इथे पट्टी बांधून पडणार. पुढे ढकलू का विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले. आज तिला सांगून आले. तिने माझा हात धरून ठेवला. मी नाही बोलले, तीही नाही. आम्हा दोघींना हे जमायला म्हातारपण यावं लागलं.

१३ मार्च

डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, उजव्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि पट्टीवर चष्मा बसत नाही. ओळी कुठल्या कुठे चालल्या असतील. आज ही वही कुणी तपासू नये.

आधी बातमी. रेडिओ कुठेही जात नाही. सूनबाईचा मेसेज आला, मदतीला येऊन राहिलेल्या माझ्या भाचीने वाचून दाखवला: "मावशी आई इथेच राहणार, ह्यांनी खोली नको म्हणून कळवलं, तूम्ही लवकर बर्या व्हा आणि या, तूमचं पेन छत्रीतच आहे." भाची वाचताना हसली. मी म्हटलं, "हसू नकोस. फार चांगलं लिहिते ती."

आता कसं झालं ते.

दुपारी पडले होते. चारचा सुमार. रोज मी तिच्याकडे असते ती वेळ. फोन वाजला. भाचीला वाटलं डॉक्टरांचा. मी हात पसरून चाचपडत घेतला.

पलीकडे कुणीच बोलेना. श्वास ऐकू येत होता. तीस वर्षं परिच्छेदाच्या आधी जो श्वास ऐकला तो मला कळणार नाही?

हे पुढचं मला नंतर, संध्याकाळी फोनवर, सूनबाईने सांगितलं. मुलगा दुपारीच सुट्टी घेऊन आला होता, आईचं सामान बांधायला. भिंतीवरच्या चिठ्ठ्या त्याने काढून बॅगेत ठेवल्या होत्या, तिकडे उपयोगी पडतील म्हणून. म्हणजे रेडिओच्या समोर कोरी भिंत. तो आतल्या खोलीत कपाट आवरत होता. आई कधी उठली, कधी फोनपाशी गेली, त्याला पत्ता नाही. नंबर तिने आपला आपण फिरवला. मग आवाज ऐकून तो हातात तिची शाल घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि तिथेच राहिला.

"तांबडे," ती म्हणाली.

मी हुं म्हटलं. त्याहून जास्त काही म्हटलं असतं तर रडले असते, आणि डॉक्टरांनी रडू नका सांगितलंय.

"डोळा... कसा शिजला?"

"चांगला शिजला," मी म्हटलं.

भुवई वर गेली असेल तर पट्टीखाली गेली असेल. मला नाही वाटत गेली असेल.

मग ती बराच वेळ थांबली. मी शब्द पुरवला नाही. माझ्याकडे एक नाही, दहा तयार होते, मी ते गिळले. आणि मग तिने जे म्हटलं ते प्रतीत आहे तसं इथे उतरवते, काना-मात्रेला हात न लावता:

"तू नाही आली. मी कधीपासून इथं बसून वाट पितेय. चहा बघून बघून गार झाली. पूर्णविराम."

तो पूर्णविराम तिने जुन्या ठसक्यात लावला, पान संपलं की लावायची तसा. मला भीती वाटली की आता फोन ठेवेल.

"पुढे बोल, रेडिओ," मी म्हटलं. "मी बघत नाहीये."

मग ती बोलत राहिली, भाची स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली तरी.